टर्बो इंजिन टाकल्यावर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी या चुका टाळा

लेक्सस एससी३०० ही टोयोटाने १९९०च्या दशकात अमेरिकेत विकलेली दोन दारांची देखणी गाडी. तिच्या बॉनेटखाली ३ लिटरचं, टर्बो नसलेलं २जेझेड-जीई इंजिन आणि बहुतेक गाड्यांत त्यामागे ए३४०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असे. जपानात हीच बॉडी सोअरर नावाने विकली गेली आणि तिथे तिला २.५ लिटरचं, दोन टर्बोंचं १जेझेड-जीटीई मिळालं. जपानी इंजिन आणून एससी३०० मध्ये टाकण्याची हौस तेव्हापासूनची आहे. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली आहेत, बेल हाउसिंगची (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं तोंड) बोल्टची भोकं जुळतात आणि गाडीत आधीपासून असलेला ऑटोमॅटिक तसाच ठेवता येतो. कागदावर तरी हे काम सोपं दिसतं.

इंजिन सुरूही होतं. आठवड्याभरात मात्र तक्रारी सुरू होतात. गाडी चौथ्याच गिअरमध्ये उठते, दुसरा गिअर पडताना इंजिनाचा आरपीएम मोकाट वर जातो, ८० च्या वेगाला सगळी गाडी थरथरते. मग कुणीतरी सांगतं, “गिअरबॉक्स गेला,” आणि चांगला गिअरबॉक्स खाली उतरतो. मला या घाईचं खरंच वाईट वाटतं. अशा अदलाबदलीनंतर गिअरबॉक्सची म्हणून जी लक्षणं दिसतात, त्यांतली बरीच बसवण्यातल्या चुकीची, ऑइलची किंवा चुकीच्या सिग्नलची असतात. गिअरबॉक्स बिचारा मिळालेल्या माहितीवर चालतो. ती माहिती बरोबर आहे का, हे आधी तपासायला हवं.

कन्व्हर्टर पूर्ण आत बसला नाही

सगळ्यात महाग चूक हीच, आणि ती इंजिन सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते. इंजिनाचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरला गिअरबॉक्समध्ये तीन ठिकाणी बसायचं असतं: स्टेटरच्या दात्यांवर, इनपुट शाफ्टच्या दात्यांवर आणि सगळ्यात शेवटी ऑइल पंपाच्या खाचांत. हाताने आत ढकलत फिरवला की तो टप्प्याटप्प्याने आत जातो आणि प्रत्येक टप्प्याला हाताला ‘खट्’ जाणवतं. पहिल्या दोन टप्प्यांनंतर तो बसल्यासारखा वाटतो, पण पंपाच्या खाचा अजून लागलेल्या नसतात. तशाच अवस्थेत गिअरबॉक्स इंजिनाला लावला आणि मधली फट बोल्ट आवळून मिटवली, की कन्व्हर्टर पंपावर दाबला जातो. स्टार्टर फिरवताच पंपाचा गिअर किंवा त्याची बॉडी फुटते. त्यानंतर गाडी कोणत्याच गिअरमध्ये हलत नाही.

बेल हाउसिंगच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून तिथपासून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या पॅडपर्यंतचं अंतर मोजा आणि सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहा. मॅन्युअल हाताशी नसेल तरी एक खूण चुकत नाही. बेल हाउसिंग इंजिनाला हाताच्या जोराने पूर्ण टेकलं पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर आत मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनाच्या टोकाची चकती) आणायला तो काही मिलिमीटर पुढे ओढावा लागला पाहिजे. बोल्ट आवळल्याशिवाय फट मिटत नसेल तर तिथेच थांबा आणि गिअरबॉक्स मागे घ्या.

याच जागी आणखी दोन गोष्टी राहून जातात. एक, इंजिन आणि बेल हाउसिंगमधल्या डॉवेल पिना. जुन्या ब्लॉकमधून त्या नव्या ब्लॉकमध्ये आणायला लोक विसरतात. पिना नसतील तर गिअरबॉक्स किंचित तिरका बसतो, पंपाचा बुश घासतो आणि काही महिन्यांनी पुढच्या सीलमधून लाल ऑइल गळायला लागतं. सील बदलला तरी गळती परत येते, कारण दोष सीलचा नसतो. दुसरी गोष्ट कन्व्हर्टरच्या बोल्टची लांबी. दुसऱ्या गाडीतले लांब बोल्ट वापरले तर ते कन्व्हर्टरच्या आवरणाला आतून फुगवटा आणतात, आणि आत, इंजिन व गिअरबॉक्स थेट जखडणाऱ्या लॉक-अप क्लचची घासायची जागा नेमकी तिथेच असते. बसवण्याआधी कन्व्हर्टरमध्ये लिटरभर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ओतून ठेवा. पहिल्या फेऱ्यांत पंप कोरडा फिरू नये.

गिअरबॉक्सला फक्त पेडल कळतं, बूस्ट कळत नाही

या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑटोमॅटिकमधले क्लच ऑइलच्या दाबाने धरले जातात. या दाबाला लाइन प्रेशर म्हणतात. इंजिन जितकं जोर लावेल तितका दाब हवा. जुन्या ए३४०ई मध्ये हा दाब ठरतो थ्रॉटल केबलवरून. थ्रॉटल बॉडीवरून निघालेली केबल गिअरबॉक्सच्या आत व्हॉल्व्ह बॉडीवरच्या (ऑइलच्या वाटा आणि दाब ठरवणारा भाग) कॅमला ओढते आणि थ्रॉटल जितका उघडेल तितका दाब वाढतो. नंतरच्या ऑटोमॅटिकमध्ये केबलऐवजी सॉलेनॉइड (विजेने चालणारा व्हॉल्व्ह) आला, तरी त्याला मिळणारी मुख्य खबर थ्रॉटलचीच असते.

एससी३०० च्या गिअरबॉक्समधला हा हिशोब ज्या इंजिनासाठी बसवला होता त्याचा टॉर्क सुमारे २८५ न्यूटन मीटर होता. १जेझेड-जीटीईचा पहिला अवतार ३६३ न्यूटन मीटरचा, आणि १९९६ मध्ये आलेल्या एका टर्बोच्या व्हीव्हीटी-आय अवताराचा ३७८, तोही २४०० आरपीएमलाच. पेडल पूर्ण दाबलं की दाब पुरेसा वाढतो, त्यामुळे फुल थ्रॉटलला गाडी बरी वाटते. खरा धोका अर्ध्या पेडलला आहे. हायवेवर कुणाला ओलांडताना थ्रॉटल अर्धाच उघडा असतो, पण टर्बो बूस्ट करत, म्हणजे इंजिनात दाबून जास्त हवा भरत असतो. गिअरबॉक्स समजतो, हलकं काम आहे. दाब कमी राहतो, क्लच किंचित घसरतो आणि गरम होतो. चालवणाऱ्याला काही कळत नाही. असं रोज झालं की काही महिन्यांत एटीएफ तपकिरी होतं, त्याला जळका वास येतो आणि मग दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना आरपीएम उसळायला लागतो.

म्हणून केबल लावताना हयगय नको. इंजिन बंद ठेवून पेडल एका माणसाला पूर्ण दाबायला सांगा. केबलवर दाबून बसवलेला छोटा स्टॉपर आणि बाहेरच्या आवरणाचं टोक यांत ० ते १ मिलिमीटर अंतर असायला हवं. केबल ढिली असेल तर गिअर लवकर, मऊ आणि घसरत पडतात. हा मऊपणा लोकांना आवडतो आणि क्लच त्यातच जळतात. फार ताणली असेल तर गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात. दुसऱ्या इंजिनाची थ्रॉटल बॉडी वापरली असेल तर तिच्या चाकाचा घेर आणि केबलचा ब्रॅकेट मूळ जोडीचेच आहेत ना, हे पाहा. घेर वेगळा असेल तर टोकाला माप बरोबर येतं आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात चुकतं. केबल बांधून ठेवणं किंवा काढूनच टाकणं हा उपाय नाही. तो गिअरबॉक्सचा नाश आहे.

माझं स्पष्ट मत असं, की टर्बो इंजिनामागे टर्बो गाडीचाच गिअरबॉक्स आणि त्याचाच कन्व्हर्टर घ्यावा. तो मिळत नसेल तर निदान व्हॉल्व्ह बॉडीचं काम आधी करून घ्यावं आणि बूस्ट कारखान्याच्या पातळीवर, ०.७ बारच्या आसपास ठेवावं. पहिल्या अवतारातल्या सीटी१२ए टर्बोंची टर्बाइन चाकं सिरॅमिकची आहेत, ती १ बारच्या जवळ नेली तर फुटण्याचा धोका असतो. म्हणजे बूस्ट वाढवायचा मोह दोन्ही बाजूंनी महाग पडतो.

एटीएफ आणि कूलर

नव्याने भरलेल्या गिअरबॉक्सची पातळी थंड इंजिनावर, गाडी बंद ठेवून बघणं ही नेहमीची चूक. कोरड्या संचाला कन्व्हर्टर धरून सात लिटरच्या आसपास ऑइल लागतं. ते एकदम भरता येत नाही. थोडं भरा, इंजिन चालू करा, पुन्हा भरा. ब्रेक दाबून लिव्हर पी पासून एल पर्यंत प्रत्येक जागी क्षणभर थांबवत न्या आणि परत आणा. एटीएफ ७० ते ८० अंशांपर्यंत तापल्यावर, इंजिन चालू असताना डिपस्टिकवरच्या ‘हॉट’ खुणेत पातळी आणा. ऑइलपॅन एका गाडीचं आणि डिपस्टिकची नळी दुसऱ्या गाडीची असेल तर खुणांवर विश्वास ठेवू नका, ती जोडी आधी जुळवा. पातळी कमी असेल तर वळणावर आणि चढावर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर ऑइलचा फेस होतो. दोन्हींत गिअर घसरतात. ऑइलचा प्रकार गिअरबॉक्सचं मॅन्युअल सांगेल तोच घ्या. डेक्स्रॉनवाल्या गिअरबॉक्समध्ये टाइप टी-४ आणि उलट, अशी सरमिसळ करून लॉक-अपचा थरथराट ओढवून घेऊ नका.

मॅन्युअल गाडीचा किंवा बाजारातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर लावला की त्यात एटीएफ कूलर नसतो. मग काही जण दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून मोकळे होतात. कन्व्हर्टरमध्ये तयार होणारी सगळी उष्णता त्याच ऑइलमध्ये फिरत राहते. पुढच्या बाजूला वाऱ्यात वेगळा कूलर बसवणं इथे सक्तीचं समजा. नळ्या टर्बोच्या डाउनपाइपपासून लांब न्या आणि पेट्रोलचा रबरी पाइप वापरू नका. आधीचा गिअरबॉक्स जळून गेला असेल तर जुना कूलर बदलाच. त्यात अडकलेला चुरा सरळ नव्या गिअरबॉक्समध्ये जातो.

गाडी चौथ्याच गिअरमध्ये उठते

ही तक्रार आली की बहुतेक वेळा गिअरबॉक्स धडधाकट असतो. ए३४०ई मध्ये गिअर बदलायला एस१ आणि एस२ असे दोन सॉलेनॉइड आहेत. पहिल्यात फक्त एस१ चालू, दुसऱ्यात दोन्ही, तिसऱ्यात फक्त एस२ आणि चौथ्यात दोन्ही बंद. म्हणजे वीज पोहोचलीच नाही तर डी मध्ये आपोआप चौथा पडतो. मॅन्युअल गाडीचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) लावला, वायरिंग जोडताना गिअरबॉक्सचा कनेक्टर राहिला, किंवा त्याचा फ्यूज उडाला, तरी लक्षण हेच.

याच गुणाचा उपयोग तपासणीसाठी करा. सॉलेनॉइडचा कनेक्टर मुद्दाम काढा आणि मोकळ्या रस्त्यावर हळू चालवा. एल मध्ये पहिला, २ मध्ये तिसरा आणि डी मध्ये चौथा मिळाला, तर आतलं यंत्र आणि व्हॉल्व्ह आपलं काम करताहेत, दोष विजेच्या बाजूला आहे. तेवढ्या पाच मिनिटांत गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च वाचतो. मग कनेक्टरवर मीटर लावून एस१, एस२ आणि लॉक-अपचा एसएल मोजा. प्रत्येकाचा रेझिस्टन्स साधारण ११ ते १५ ओहम हवा.

जपानी ईसीयू अमेरिकी डॅशबोर्डला जोडताना ‘ओ/डी ऑफ’ (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, बंद) दिव्याची वायर अनेकदा सोडून दिली जाते, कारण गाडी त्याच्याशिवायही चालते. ती आवर्जून जोडा. गिअरबॉक्सला बोलायला एवढा एकच दिवा आहे. डायग्नोसिस बॉक्समधले टीई१ आणि ई१ जोडून इग्निशन चालू केलं की तो लुकलुकून कोड सांगतो: ६२ आणि ६३ म्हणजे एस१, एस२ ची वायर किंवा सॉलेनॉइड, ६४ म्हणजे लॉक-अप, ४२ आणि ६१ म्हणजे स्पीड सेन्सर. त्याच बॉक्समधल्या टीटी टर्मिनलवर व्होल्टमीटर लावून गाडी चालवली तर ईसीयू कोणता गिअर मागतोय ते दिसतं. पहिल्याला ०, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४, ओव्हरड्राइव्हला ६ व्होल्ट, आणि लॉक-अप लागला की त्यात एकाची भर. ईसीयूने तिसरा मागितला आणि मिळाला नाही, की मागितलाच नाही, हा फरक इथे लगेच कळतो.

न्यूट्रल सुरक्षा स्विच, ब्रेक दिव्याचा स्विच आणि इंजिनाचा पाण्याचा तापमान सेन्सर हे तीनही ईसीयूपर्यंत पोहोचले पाहिजेत. पाणी थंड आहे असं समजलं तर ईसीयू ओव्हरड्राइव्ह आणि लॉक-अप देतच नाही, आणि ब्रेकचा सिग्नल अडकून राहिला तर लॉक-अप लागत नाही. थ्रॉटल सेन्सर मूळ इंजिनाचा नसेल तर त्याचं व्होल्टेज बंद थ्रॉटलला ०.३ ते ०.८ आणि पूर्ण उघड्याला ३.२ ते ४.९ यांत येतं का पाहा.

आणि अर्थिंग. ब्लॉक ते बॉडीची जाड पट्टी इंजिन उतरवताना काढलेली असते आणि परत लावायची राहते. मग करंट सेन्सरच्या बारीक वायरींतून, थ्रॉटल केबलच्या तारेतून वाट काढतो आणि वाटेल तसे कोड येतात. स्टार्टर फिरत असताना ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बाकीची तपासणी सोडून आधी ते दुरुस्त करा.

इंजिनाचा दोष, नाव गिअरबॉक्सचं

८० च्या वेगाला, हलक्या पेडलवर गाडी रस्त्यावर खडखडाट पट्ट्या असाव्यात तशी थरथरते. हे लॉक-अपचं असतं किंवा मिसिंगचं (एखादा सिलिंडर नीट न पेटण्याचं). वेग तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल फक्त दिवा लागेल इतकंच दाबा. लॉक-अप सुटतो आणि आरपीएम थोडा वर जातो. थरथर त्याच क्षणी थांबली तर लॉक-अप आणि एटीएफकडे बघा. तशीच राहिली तर प्लग आणि कॉइलकडे. १जेझेडच्या जुन्या अवतारात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे आणि त्या दोन कॅमकव्हरच्या मधल्या तापत्या खोबणीत बसतात. तिथले प्लास्टिकचे कनेक्टर इतक्या वर्षांत पापडासारखे ठिसूळ होतात. इंजिन बाहेर असतानाच ते बदलून घ्या. बूस्टमध्ये मिसिंग येत असेल तर प्लगची फट ०.८ मिलिमीटरपर्यंत कमी करून बघा.

बूस्ट येत नाही म्हणून टर्बो बदलण्याआधी इनटेकला हवेचा दाब देऊन गळती शोधा. जुन्या व्हॅक्यूम नळ्या आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह हे ठरलेले गुन्हेगार आहेत. हे इंजिन हवा मॅप सेन्सरने (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) मोजतं, त्यामुळे छोट्या गळतीने मिश्रण फारसं बिघडत नाही आणि कोडही येत नाही. गाडी फक्त मंद होते, आणि चालवणाऱ्याला वाटतं गिअर घसरतोय. टर्बोतून निळा धूर दिसला तर सील गेला असं ठरवण्याआधी ऑइल परतीची नळी बघा. ती वाकलेली, अरुंद किंवा सिलिकॉनने अर्धी बुजलेली असेल तर नव्या टर्बोतूनही धूर येईल.

पेट्रोलचंही विसरू नका. एससी३०० चा मूळ पंप बूस्टमध्ये अपुरा पडतो. शिवाय जपानी ईसीयू तिथल्या सुमारे १०० आरओएनच्या (ऑक्टेन मोजण्याची एक पद्धत) पेट्रोलसाठी ट्यून केलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या पंपावरचं, अमेरिकी पद्धतीने मोजलेलं ९१ ऑक्टेन म्हणजे आरओएनमध्ये जेमतेम ९५-९६. नॉक होऊन, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून, ठिणगीचं टायमिंग मागे गेलं की गाडी ओढत नाही, आणि दोष पुन्हा गिअरबॉक्सच्या नावे जातो.

प्रॉपेलर शाफ्टबद्दल थोडक्यात: मागचा माउंट मूळ उंचीवर ठेवा. फक्त वेगावर अवलंबून असलेली आणि न्यूट्रलमध्येही टिकणारी थरथर शाफ्टची किंवा चाकांची असते.

कायदा आधी बघा

कॅलिफोर्नियात इंजिन बदललेल्या गाडीला स्मॉग रेफरीकडे (सरकारमान्य प्रदूषण तपासनीस) तपासणी करून घ्यावी लागते, आणि अमेरिकेत कधीच विकलं न गेलेलं १जेझेड-जीटीई तिथे मान्य होणं फार अवघड आहे. १९९६ पासूनच्या गाड्यांत ओबीडी-२ ची (गाडीतच बसवलेली प्रदूषण-दोष शोधणारी यंत्रणा) अडचण वेगळी. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ तपशिलाबाहेरचा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. पुण्या-मुंबईत असं काही मनात असेल तर इंजिन मागवण्याआधी आरटीओत विचारा.

मग गिअरबॉक्स उघडायचा कधी

वरचं सगळं बरोबर निघालं तरी तक्रार उरली तर तीन चाचण्या करा. तापलेल्या एटीएफवर न्यूट्रलमधून डी टाका आणि झटका जाणवेपर्यंतचा वेळ मोजा. १.२ सेकंदांच्या आत हवा. आर साठी १.५. दोन्हींना उशीर म्हणजे लाइन प्रेशर कमी, एकालाच उशीर म्हणजे त्या बाजूचा क्लच किंवा सील. मग स्टॉल चाचणी: चारही चाकांना अडण्या, हँडब्रेक, पायाखाली ब्रेक आणि पूर्ण थ्रॉटल, पाच सेकंदांपेक्षा जास्त कधीच नाही, आणि गाडीसमोर कुणी उभं राहता कामा नये. आरपीएम मॅन्युअलमधल्या आकड्याच्या वर गेला तर क्लच घसरतोय. खाली राहिला तर इंजिनात जोर नाही किंवा कन्व्हर्टरचा स्टेटर घसरतोय. शेवटी टेस्ट प्लगवर गेज लावून लाइन प्रेशर बघा.

त्यानंतरच पॅन काढा. मॅग्नेटवर करड्या रंगाची बारीक पेस्ट असणं स्वाभाविक आहे. काळा भुसा म्हणजे क्लचचं अस्तर, पितळी चमक म्हणजे बुश किंवा थ्रस्ट वॉशर, आणि स्टीलचे कण म्हणजे बेअरिंग किंवा गिअर. यांतलं काही सापडलं तर गिअरबॉक्स खाली घ्या आणि त्याच्याबरोबर कन्व्हर्टर व कूलरही बदलायच्या यादीत लिहा.